ओपन फाइल

काकूंची खानावळ बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून पंगतीत वाढायला उभ्या असल्यासारखा. २०१६च्या श्रावणात त्यांचा फोन आला. "अगं, पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढू म्हणतोय नातू. पहिली तूच केली होतीस ना? मग काय, बटण दाबायचं नि छापायचं."

बघते म्हटलं. पुस्तक १९९९चं. खानावळीच्या आठवणी, दहा फर्मे, १६० पानं. माझ्याकडे त्याची सीडी होती, सीडीवर ओरखडा नव्हता, मशिनने ती वाचलीही. फाइल उघडली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत टोप्या घातलेले इंग्रजी स्वर, डॉलर, पौंड, उलटी प्रश्नचिन्हं. एखादा पूर्णविराम तेवढा जागेवर. ज्या पानावर काकूंनी नवरा गेल्याचं लिहिलंय ते पान मी मांडणीवरून ओळखलं. अक्षर एकही ओळखता आलं नाही.

हे होणार हे मला माहीत होतं. कारण माझं लॉक तीन वर्षांपूर्वीच मेलं होतं.

१९९८ साली मी नारायण पेठेतल्या एका डीटीपी सेंटरवर लागले. जिन्याखालची खोली, दोन मशिनं, एक लेझर प्रिंटर आणि सर. त्याच वर्षी सरांनी मराठीचं नवं सॉफ्टवेअर घेतलं. सीडीबरोबर काड्यापेटीएवढा एक ठोकळा आला, त्याला सगळे लॉक म्हणायचे. संगणकाच्या मागे प्रिंटरची केबल बसते त्या पंचवीस भोकांच्या पोर्टात तो बसवायचा आणि त्याच्या पाठीत केबल खोचायची. लॉक काढलं की मराठी बंद. आमच्या त्या आवृत्तीत तर लॉकशिवाय कीबोर्ड चालायचा नाही आणि फॉन्टही बसायचे नाहीत. सर रात्री जाताना ते रुमालात गुंडाळून खिशात घालून न्यायचे. एकदा ते गावाला गेले आणि लॉक त्यांच्या शर्टाबरोबर गेलं. तीन दिवस मी आणि दुसऱ्या मशिनवरची मुलगी पावतीपुस्तकांच्या रेघा मारत बसलो होतो.

गंमत अशी की आम्ही मराठी लिहितोय हे त्या संगणकाला ठाऊकच नव्हतं. इंग्रजीसाठी केलेल्या २५६ खणांत कंपनीने आपली चित्रं भरलेली. एका खणात अर्धा क, एकात काना, एकात रफार. जुन्या छापखान्यातली खिळ्यांची केस आठवा, तसंच. फक्त तिथे एका छापखान्यातला कंपोझिटर दुसऱ्या छापखान्यात गेला तरी त्याला न बघता खिळा सापडायचा, आणि इथे प्रत्येक कंपनीच्या केसमध्ये खणांची मांडणी वेगळी. सगळ्यांना सामायिक अशी मांडणी नव्हती असं नाही. इस्की हे भारतीय मानक १९९१ सालीच ठरलं होतं, युनिकोडची देवनागरीसुद्धा त्याच्याच १९८८च्या आराखड्यावर बेतलेली आहे. पण पेठेत मानक कोण विचारतो? प्रेसवाला विचारायचा, ‘कुठला फॉन्ट आहे?’ आणि आपण त्या कंपनीचं नाव सांगायचं, जात सांगावी तसं.

आता पेजमेकरचं, म्हणजे पानं मांडायच्या सॉफ्टवेअरचं. मराठीचं सॉफ्टवेअर सरांकडे पावतीचं होतं, पण ज्याच्या आत ते चालवायचं ते पेजमेकर एका मार्करने नाव लिहिलेल्या सीडीवरून आलेलं. ती सीडी कुठून आली हे कुणी कुणाला विचारत नसे. कॉपीराइट कायद्यात ६३-ब कलम आहे. चोरीची प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद. हे मी फार उशिरा वाचलं आणि वाचल्यावर हिशेब केला, तर मला जन्मठेपच व्हायला हवी होती. थोडक्यात आमच्या टेबलावर मराठी तेवढी विकत घेतलेली होती, बाकी सगळं उचललेलं. खुल्या सॉफ्टवेअरची मंडळी पुढे भेटली तेव्हा त्यांच्या बोलण्यात कायम मोठमोठ्या कंपन्या असायच्या. मला वाटायचं, अरे बाबांनो, तुमची खरी गाठ त्या मार्करच्या सीडीशी आहे. चोरीचं पेजमेकर जिथे फुकट मिळतं तिथे तुमचं खुलं सॉफ्टवेअर घ्यायला कोण येणार? मराठीत फुकट आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द आहेत, पण गिऱ्हाइकाला पहिलाच ऐकू येतो.

२००५ साली सरांनी सेंटर बंद केलं. माझा तीन महिन्यांचा पगार थकला होता. त्याऐवजी त्यांनी मला एक मशिन दिलं, आणि रुमालातून काढून लॉक माझ्या हातावर ठेवलं. "हे तुझं," म्हणाले. मला ते मंगळसूत्रापेक्षा जड वाटलं होतं. पुढची आठ वर्षं मी घरी बसून त्याच लॉकवर पुस्तकं केली.

२०१३च्या उन्हाळ्यात मशिनचा एसएमपीएस जळला, त्यात लॉकही गेलं. नव्या मशिनला मागे तसलं पोर्टच नव्हतं. कंपनीला फोन लावला. बोलणारी मुलगी गोड होती.

"मॅडम, बिल कुणाच्या नावावर आहे?"

"आमच्या सरांच्या."

"मग त्यांचं पत्र लागेल."

"सर गेले हो, दोन वर्षं झाली."

ती क्षणभर थांबली, सॉरी म्हणाली आणि मग सांगितलं की परवाना दुसऱ्याच्या नावावर होत नाही, आणि ती आवृत्तीही आता बंद आहे. नवं घ्यावं लागेल, पूर्ण किमतीत.

त्या रात्री मी सीडीच्या डबीतला चतकोर कागद पहिल्यांदा वाचला. इंग्रजीत, सहा पॉइंटात. त्यात लिहिलं होतं की सॉफ्टवेअर विकलेलं नाही, वापरायची परवानगी दिली आहे, आणि ती अमुक एका गिऱ्हाइकाला आहे. म्हणजे सरांनी मला जे दिलं ते त्यांचं नव्हतंच. सहा पॉइंटात काय लपतं हे मला ठाऊक असायला हवं होतं. पतपेढ्यांच्या कर्जाच्या अटी मीच सहा पॉइंटात बसवत आले होते.

कंपनी खोटं बोलत होती असं मी म्हणणार नाही. कागदावर त्यांचं बरोबर होतं. तो फॉन्ट सुंदर होता, कुणीतरी महिनोन्‌महिने बसून प्रत्येक जोडाक्षराचं वळण काढलं होतं, आणि तेच वळण शहरभर लग्नपत्रिकांवर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एक पैसा न देता मिरवत होतं. लॉक त्यासाठीच होतं. चोराला ते अडवू शकलं नाही, तो भाग वेगळा. पेठेतलाच एक मुलगा पाचशे रुपयांत लॉकशिवाय चालणारी प्रत देतो म्हणाला होता. मी घेतली नाही. फार तत्त्वाने नाही. त्याच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतात म्हणून.

तर काकूंचं पुस्तक. परत टाइप करायचं तर १६० पानं, आणि काकूंकडून पैसे मागायला जीभ रेटेना. माझ्या भाच्याचा एक मित्र आहे, हिंजवडीला नोकरी आणि शनिवार-रविवार लिनक्सच्या मंडळींत. भाच्याचं बघून तोही मला मावशी म्हणतो. त्याने ती टोप्या-पौंडांची फाइल पाहिली आणि म्हणाला, "मावशी, हे वाचता येणार नाही असं काही नाही. फक्त कुठल्या खणात काय आहे हे सांगणारं माणूस हवं."

ते माणूस मीच होते. तीन रविवार आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. माझ्या एका हाताला छापील पुस्तक, दुसऱ्या हाताला त्या कचऱ्याची प्रिंट, समोर तो लॅपटॉप घेऊन. हे चिन्ह म्हणजे अर्धा त. हे म्हणजे नुसता दंड, याच्या आधी काय येतं त्यावर ग की ण ते ठरतं. तक्त्याच्या दोनशेच्या वर ओळी झाल्या. अठरा वर्षं बोटांत असलेली गोष्ट पहिल्यांदा तोंडाने सांगत होते. खरा घोळ पहिल्या वेलांटीचा. जुन्या फॉन्टात ती दिसते तशीच, अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवायची. ‘स्थिती’ म्हटलं की वेलांटी अर्ध्या स वरून उडी मारून थ च्या पलीकडे जायला हवी. रफाराचं उलटं, तो मागून उचलून पुढे आणायचा. त्याने हे सगळं पायथनमध्ये लिहिलं. तिसऱ्या रविवारी एक बटण दाबलं आणि पडद्यावर काकू बोलायला लागल्या. मला भरून आलं हे खरं, पण चहा उतू गेल्यामुळे ते दिसलं नाही.

मग मी वाचायला घेतलं. ‘आचार्यांनी पहाटे दहा किलो कणीक तिंबली.’ पुढे: ‘दुपारी दोनला आचार्यांनी बिडी पेटवली.’ खानावळीत जितके आचारी होते तितके सगळे आचार्य झाले होते. ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, सगळीकडे चंद्रकोरीच्या जागी रफार. पोराने शांतपणे विचारलं, "र तो रच ना, मावशी?" तो इंग्रजी माध्यमातला. त्याला आचार्य आणि आचारी यांच्या सामान्यरूपांतला फरक समजावून सांगताना मला माझ्या शाळेतल्या बाई आठवल्या. चंद्रकोरीसाठी युनिकोडमध्ये टिंबवाला ऱ वापरावा लागतो. तक्त्यातली एक ओळ बदलली आणि आचार्य परत भटारखान्यात गेले. तोवर मी चौथं प्रकरण हातानेच दुरुस्त करून ठेवलं होतं, ते तसंच राहू दिलं.

या बैठकांत तो मला त्याच्या पंथाच्या गोष्टी सांगायचा. त्यातली एक मला फार पटली. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला होता, तो सारखा अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन या तिथल्या प्रोग्रामरने जुन्या प्रिंटरला सोय करून ठेवली होती की कागद अडकला की ज्याचं काम रखडलंय त्याला निरोप जावा. नव्यातही तसं करायला तो निघाला, तर त्याचा सोर्स कोड द्यायला नकार मिळाला. १९८३ मध्ये त्याने मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला त्यामागे ही चीड होती म्हणतात. अडकलेल्या कागदाचं दुःख मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शेवटच्या रविवारी तो म्हणाला, "हे नेटवर टाकतो. लायसन्स कुठलं?" माझ्या लेखी लायसन्स म्हणजे तो सहा पॉइंटातला कागद. त्याने दोन सांगितली. एमआयटीचं: घ्या, काहीही करा, मूळ नाव तेवढं राहू द्या. जीपीएल: घ्या, बदला, विकासुद्धा, पण ज्याला द्याल त्याला सोर्सही द्या आणि हीच मोकळीक द्या.

"म्हणजे याला पुढे कुणी लॉक लावू शकणार नाही?"

"नाही."

"मग तेच."

आयुष्यातला एवढा मोठा करार मी अर्ध्या मिनिटात केला. कंपनीच्या खणांचा तक्ता आपण चारचौघांत मांडायचा हे चालतं का, ही धाकधूक होती. तो ठाम होता, मी नव्हते. म्हणून माझं नाव घालू नको म्हटलं. फाइलच्या डोक्यावर त्याने ‘अक्षरजुळणी’ एवढंच लिहिलं, पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर लिहितात तसं, फक्त पुढे नाव नाही.

मांडणीसाठी त्याला स्क्रायबस हे खुलं सॉफ्टवेअर हवं होतं. पण स्क्रायबसच्या तेव्हाच्या पक्क्या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं जुळत नव्हती. ती सोय पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये १.५.३ या आवृत्तीत आली, आणि तीही ओमानमधल्या मंडळींनी अरबीसाठी केलेल्या खटपटीतून. त्यांनी हार्फबझ नावाचं अक्षर जुळवणारं इंजिन आत बसवलं. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडं. अरबी सरळ झाली, तिच्या पाठोपाठ आपली मराठीही झाली. काकूंना तोवर थांबवणं शक्य नव्हतं. मी पुस्तक लिबरऑफिसमध्ये केलं, राज्य मराठी विकास संस्थेने करून घेतलेल्या यशोमुद्रा फॉन्टात. जुन्या फॉन्टाची ऐट त्याला नाही. पण ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, आणि तो कुणाच्या खिशात नाही.

त्याच सुमारास एका प्रकाशकांनी विचारलं, "ताई, फॉन्ट फुकटचा वापरला तर पुस्तकही फुकट वाटावं लागतं का?" हसू नका, प्रश्न अगदीच वेडगळ नाही. फॉन्ट पीडीएफच्या पोटात जातो. मग फॉन्ट जीपीएलचा असेल तर त्याची अट पुस्तकाला चिकटते का, यावर जाणत्यांनीही डोकं खाजवलंय; त्यासाठी जीपीएलला वेगळी सूटच जोडावी लागते. लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये जीपीएलखाली दिलेले लोहित फॉन्ट २०११ मध्ये ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणले. त्या लायसन्समध्ये सरळच लिहिलंय की फॉन्ट वापरून केलेल्या मजकुराला ही अट लागू नाही. नुसता फॉन्ट विकायचा नाही, आणि बदल केलात तर राखून ठेवलेलं मूळ नाव वापरायचं नाही. प्रकाशकांना हे मराठीत लिहून दिलं. बारा पॉइंटात.

आणि मग तो फोन आला. अनेक वर्षं माझ्या घरखर्चाचा मोठा वाटा जुनी पुस्तकं नव्याने टाइप करण्यातून यायचा. एका प्रकाशकाकडची चार पुस्तकं ठरली होती. ते म्हणाले, "राहू द्या ताई, आता ते आपोआप होतं म्हणे. नेटवर आहे काहीतरी, फुकट." मी विचारलं, काय आहे? त्यांनी नाव सांगितलं. माझाच तक्ता.

संध्याकाळी त्या पोराला फोन करून बोल बोल बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, बदलण्याचे पैसे नका घेऊ. बदलल्यावर जे तपासावं लागतं त्याचे घ्या. रेड हॅट तेच करते." बोलायला काय जातंय? त्याचा रविवार त्याच्या कंपनीने शुक्रवारीच भरून दिलेला असायचा. माझा रविवार मलाच भरावा लागायचा. या खुल्या मंडळींचं मन मोठं आहे, यात शंका नाही. पण त्या मनामागे महिन्याच्या महिन्याला पगार जमा होतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. तरी झालं तसंच. आता मी रूपांतराच्या तपासणीचे पानावर पैसे घेते, कारण आचारी कुठला आणि आचार्य कुठला हे अजून माणसालाच कळतं. पूर्वीपेक्षा निम्मे मिळतात.

एक कबुली द्यायची राहिली. आमच्या धंद्यात ‘ओपन फाइल’ असा शब्द आहे. पीडीएफ ही बंद फाइल, तिच्यावरून छापता येतं पण करेक्शन मारता येत नाही. ओपन फाइल म्हणजे जिच्यात मी मांडणी केली ती मूळ फाइल. ती एकदा प्रकाशकाला दिली की पुढची आवृत्ती तो शेजारच्या गल्लीतल्या दोन रुपये कमी घेणाऱ्याकडून करून घेणार. म्हणून मी पीडीएफ देते. कुणी फारच धोसरा धरला तर हार्ड डिस्क उडाली म्हणून सांगते. भाच्याच्या मित्राला हे कळलं तेव्हा तो हसत सुटला. "मावशी, हे तर तुमचंच लॉक की!"

मी त्याला पगार विचारला. त्याने सांगितला नाही, पण हसणं थांबलं.

काकूंच्या नातवाने ओपन फाइल मागितली नव्हती. त्याला तो शब्दच माहीत नव्हता. मी आपणहून दिली. पेन ड्राइव्हवर पीडीएफ, मूळ फाइल, यशोमुद्रा आणि त्याच्या लायसन्सचा मजकूर. बाकीच्यांना आजही पीडीएफच.

पुस्तक छापून आलं आणि आठ दिवसांत काकूंचा फोन. आवाज पंगतीतला. "अगं, चौथ्या प्रकरणात बघ. ‘आचार्यांनी कांदा चिरला’ असं छापलंयस." हाताने केलेलं प्रकरण. मी ओशाळून माफी मागायला लागले, तर त्या हसत होत्या. "राहू दे गं. कांदा चिरताना तो दिसायचाही तसाच, डोळे मिटून, ध्यानाला बसल्यासारखा. तिसऱ्या आवृत्तीत बदल. बटण आहे ना आता तुझ्याकडे?"

"तुमच्या नातवाकडे पण आहे, काकू."

"त्याला कुठलं येतंय," त्या म्हणाल्या, आणि दिवाळीच्या फराळाला काय काय करणार ते विचारू लागल्या.